वाट पाहणे फोनवर जमते, सुगी जमत नाही

16 नोव्हेंबर 2020, दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी महाराष्ट्रातली देवळे, मशिदी, गुरुद्वारे आणि चर्च जवळजवळ आठ महिन्यांनी उघडली. मार्चमध्ये लागलेली कुलुपे निघाली खरी, पण सोबत नियमावली आली. पासष्टीच्या पुढच्यांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी शक्यतो घरीच थांबावे. समूहगान नको, त्याऐवजी ध्वनिमुद्रित गाणी लावावीत. प्रसाद किंवा वस्तू हातोहात देऊ-घेऊ नयेत. नियम सगळ्या धर्मांना सारखे होते आणि त्या वेळी ते योग्यच होते. कोरोनाचा मृत्युदर सर्वाधिक असलेल्या देशातल्या जिल्ह्यांत त्या उन्हाळ्यात जळगावचे नाव घेतले जात होते. ज्यांनी आपल्या गल्लीतून रुग्णवाहिका जाताना पाहिल्या त्यांना नियम समजावून सांगावे लागले नाहीत. पण खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी नोव्हेंबर म्हणजे सुगीच्या उपकारस्तुतीचा महिना. म्हातारी माणसे, लेकरे, सगळ्यांनी मिळून गायलेली गाणी आणि हातोहात दिलेले धान्य, एवढे वगळले तर त्या सणात उरते काय?

आमच्यासारख्या अनेक मंडळ्यांनी मग मधला मार्ग काढला. उपकारस्तुती फोनवर केली आणि तिच्या मागोमाग आलेला, नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा आगमनकाळही फोनवरच पाळला. पाळकसाहेब रिकाम्या चर्चमध्ये किंवा स्वतःच्या बैठकीच्या खोलीत उभे, समोर कोणीतरी धरलेला मोबाइल, आणि जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, दोंडाईचा अशा घराघरांत छोट्याशा पडद्याभोवती बसलेली माणसे.

साथ ओसरली, पण ही सवय पुरती ओसरली नाही. नोव्हेंबर जवळ आला की मंडळीच्या कमिटीत तोच वाद उभा राहतो. तरुणांचे म्हणणे, लिंक चालू ठेवा, पुण्या-मुंबईला आणि आखातात गेलेली आपली माणसे जोडलेली राहतात. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, लिंकने चर्च ओस पडते, बंद करा. दोन्ही बाजू मनापासून बोलतात. माझे म्हणणे असे की दोघेही उपकारस्तुती आणि आगमनकाळ एकाच दावणीला बांधून वाद घालत आहेत. हे दोन सण स्वभावाने निराळे आहेत. आगमनकाळ फोनवर चांगला पाळता येतो, काही बाबतींत तर चर्चमधल्यापेक्षाही चांगला. सुगीची उपकारस्तुती फोनवर होत नाही, आणि साथीचे संकट नसताना ती तशी करणे म्हणजे ती न करणेच आहे.

आधी सुगीचे बोलतो, कारण नुकसान तिथे झाले आहे.

सुगीच्या रविवारी वेदीपुढे पाय ठेवायला जागा नसते. केळीचा घड, पांढऱ्याशुभ्र कापसाची पिशवी, बाजरीची कणसे, उडीद-मुगाची गाठोडी, भुईमुगाच्या शेंगा, भरताची हिरवी वांगी, लाल भोपळा, पाय बांधलेला एखादा कोंबडा. ज्याला शेती नाही तोही रिकाम्या हाताने येत नाही. रेल्वेतला माणूस तांदळाची पिशवी आणतो, शाळेतल्या बाई करंज्यांचा डबा आणतात. उपासना संपली की अंगणात लिलाव लागतो. मी पाहिलेला एक भोपळा सांगतो. एकट्या राहणाऱ्या एका आजीने परसातल्या वेलीवरचा तो आणला होता. बोली पन्नासापासून सुरू झाली. ज्याने घेतला त्याने पैसे मोजले आणि भोपळा उचलून परत ढिगात ठेवला, ‘पुन्हा लावा’ म्हणाला. पुन्हा बोली लागली, पुन्हा तो ढिगात आला. अखेरीस ज्या बाईंनी घेतला त्यांनी तो अंथरुणाला खिळलेल्या एका माणसाच्या घरी पोचवला. बाजारात चाळीस रुपयांना मिळणाऱ्या भोपळ्याने मंडळीच्या पेटीत चांगले हजारावर रुपये टाकले आणि संध्याकाळी एका आजारी घरची भाजीही झाली. आजी मात्र सारा वेळ पदर तोंडाला लावून हसत होती. तिने दिलेल्या वस्तूची किंमत सगळ्या मंडळीने मिळून वाढवली होती.

आता हेच फोनवर आणा. साथीच्या वर्षी कोशाध्यक्षांनी क्यूआर कोड पाठवला. लोकांनी जमेल तसे पैसे पाठवले. हिशोब चोख राहावा म्हणून रात्री ग्रुपवर नावे आणि रकमा यांची यादी आली. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. तरीही त्या यादीने दोन गोष्टी केल्या. पहिली, ज्यांच्याकडे नोव्हेंबरात माल असतो पण रोकड नसते ते यादीतून गळाले. खानदेशात दिवाळीनंतर शेतकऱ्याच्या घरात कापूस असतो, चुकारा हातात यायचा असतो, आणि आलेला चुकारा कृषी केंद्राच्या उधारीत जातो. अशा घराला ओंजळभर मूग देणे सोपे असते, दोनशे रुपये देणे अवघड असते. दुसरी, जे ढिगात मिसळून जायचे ते नावापुढे आकडा होऊन उभे राहिले. वेदीपुढच्या राशीत कोणाची वांगी कोणती हे तासाभराने कोणाला सांगता येत नाही. यादीत मात्र 51 आणि 5001 एकाखाली एक दिसतात. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण दरवर्षी याच रविवारी सांगतो. त्या गोष्टीवर प्रवचन देऊन रात्री अशी यादी पाठवणे मला बोचते.

ही उपकारस्तुती परदेशातून आली, तिच्यात आपले काय आहे, असे काही तरुण म्हणतात. आली हे खरे. 1621 मध्ये प्लिमथच्या वसाहतीत पहिल्या हंगामानंतर झालेले भोजन, 1863 मध्ये यादवी युद्ध चालू असताना लिंकन यांनी जाहीर केलेला राष्ट्रीय उपकारस्तुतीचा दिवस, ही अमेरिकेकडची वाट. इंग्लंडात 1843 मध्ये कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावी रॉबर्ट हॉकर या धर्मगुरूने चर्चमध्ये सुगीची उपासना घेतली आणि ती रीत पसरली, ही दुसरी वाट. अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून अहमदनगरात होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स वऱ्हाड आणि पूर्व खानदेशात आले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन धुळे-नवापूरच्या बाजूला, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खानदेशात आले. त्यांनी सण आणला. पण ज्या मातीत तो रुजला तिला तो परका नव्हता. सातपुड्याच्या आदिवासी गावांत नवे धान्य देवापुढे ठेवल्याशिवाय तोंडात घालायचे नाही ही नवाईची रीत मिशनऱ्यांच्या आधीची आहे. जळगावला लागून असलेल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी पेरणी, मळणी, उपणणी यांवर गाणी रचत होत्या, त्यांतला कृतज्ञतेचा सूर कोणत्याही धर्माच्या माणसाला आपला वाटतो.

आणि खानदेशातल्या ख्रिस्ती घरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. 1896-97 आणि त्यामागोमाग 1899-1900 चा दुष्काळ, ज्याला जुनी माणसे छप्पन्नचा काळ म्हणत, त्यांत पोरकी झालेली हजारो मुले मिशनच्या अनाथाश्रमांत वाढली. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनने आसरा दिलेल्या मुलींची कथा सर्वांना माहीत आहे, तसे आश्रम ठिकठिकाणी होते. आज शिक्षक, परिचारिका, रेल्वे कर्मचारी असलेल्या अनेक मराठी ख्रिस्ती घराण्यांचा पहिला ज्ञात पूर्वज म्हणजे दुष्काळात वाचलेले एक मूल. अशा माणसांच्या नातवंडांनी आणि पतवंडांनी वर्षातून एकदा धान्याची रास डोळ्यांनी पाहावी, तिला हात लावावा, तिचा वास घ्यावा, याला फार मोठा अर्थ आहे. भुकेची आठवण रकमेच्या आकड्याने जागी होत नाही, पसाभर बाजरीने होते.

गाण्याचेही तसेच. मराठी मंडळीचे गाणे हे मुळात मिळून गाण्याचे गाणे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग-भजनाचा ठेका उपासनेत आणला तो याच जाणिवेने. ‘उपासना संगीत’ उघडले की पानोपानी त्यांचे नाव भेटते. एकाने ओळ उचलायची, सगळ्यांनी ती झेलायची, ढोलकी आणि टाळ मधली जागा भरून काढायचे. झूम किंवा मीटवर हे घडूच शकत नाही. आवाज एका घरातून दुसऱ्या घरात पोचायला क्षणाचा काही भाग लागतो, आणि तेवढ्या उशिरानेच ताल मोडतो. त्यातून ही साधने बोलण्यासाठी बनवलेली; एक मोठा आवाज पकडायचा आणि बाकीचे दाबायचे ही त्यांची रीत. म्हणून सगळ्यांना म्यूट करावे लागते. पेटीवाला एका घरी वाजवतो आणि बाकीचे आपापल्या घरी एकेकटे गातात, कोणालाही शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. त्या वर्षी उपकारस्तुतीचे गाणे संपल्यावर आमच्या घरात जी शांतता पसरली ती मला आजही आठवते. गाणे म्हटले होते, पण मंडळी गायली नव्हती.

आता आगमनकाळाकडे या. इथे चित्र पालटते.

त्या 2020 सालचा आगमनकाळाचा पहिला रविवार 29 नोव्हेंबरला आला. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, 29 नोव्हेंबर 1970 रोजी, नागपुरात सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले होते, आणि तोही आगमनकाळाचा पहिलाच रविवार होता. एरवी सुवर्णमहोत्सवाला हजारो माणसे जमली असती. त्या वर्षी कुठेही गर्दी करणे शक्य नव्हते. मला हा योग मोलाचा वाटतो. जी मंडळी एकत्र येण्याच्या आनंदातून जन्मली तिला पन्नासाव्या वर्षी पांगून बसावे लागले, आणि पांगून बसलेल्यांचाच तो काळ होता.

कारण आगमनकाळाची मूळ माणसे पांगलेलीच आहेत. बाबेलात नेलेले बंदिवान, आणि त्यांना यिर्मयाने यरुशलेमहून लिहिलेले पत्र. म्हातारपणी मुलाची वाट पाहणारे जखऱ्या आणि अलीशिबा. नासरेथच्या घरात एकटी असलेली मरिया, नंतर डोंगराळ भागात चालत जाऊन आपल्या नातलग बाईच्या घरी राहिलेली. यात जमाव कुठेच नाही. घर आहे, वाट पाहणे आहे आणि दुरून आलेला निरोप आहे. नाताळात मेंढपाळ येतात, देवदूत येतात, मग गर्दी होते. त्याआधीचे चार आठवडे घराघरांतले आहेत. आगमनकाळाची मेणबत्त्यांची चकतीसुद्धा मुळात चर्चची नव्हे. 1839 मध्ये हॅम्बुर्गजवळ गरीब मुलांचा आश्रम चालवणाऱ्या योहान हिनरिख विखर्न यांनी नाताळला किती दिवस राहिले हे पोरांना डोळ्यांनी कळावे म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, तिथून ती सुरू झाली. खानदेशातल्या बऱ्याच मंडळ्या ज्या मिशनांतून उभ्या राहिल्या त्यांत आगमनकाळाच्या विधींवर तसा भर नव्हता, तो अँग्लिकन आणि कॅथलिक परंपरेत अधिक होता. म्हणूनच आपल्याकडे हा काळ अजून घडवता येण्याजोगा आहे. त्याला कोणताही जुना साचा मोडावा लागत नाही.

त्या डिसेंबरात आमच्याकडे रोज रात्री आठला वीस मिनिटांची प्रार्थना चालत असे. झूमच्या फुकट खात्यावर चाळीस मिनिटांनी सभा आपोआप तुटते, त्यामुळे सुरुवातीला लांबलेली प्रवचने मध्येच कापली गेली आणि मग सगळेच आटोपशीर बोलायला शिकले. एक मेणबत्ती, एक वाचन, एक साक्ष, आजाऱ्यांची नावे, प्रार्थना. त्या वीस मिनिटांत मी आमच्या मंडळीतल्या बायकांचे आवाज जितके ऐकले तितके एरवीच्या कित्येक रविवारी ऐकले नव्हते. चर्चमध्ये उठून पुढे जायचे, माइकसमोर उभे राहायचे, याचा संकोच असणाऱ्या बायका स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, मागे कुकर शांत होत असताना, सहज बोलत होत्या. दवाखान्यात रात्रपाळी करणारी एक परिचारिका कामावर निघण्याआधी पाच मिनिटे येऊन जाई आणि सगळे तिच्यासाठी प्रार्थना करत. त्या वर्षी अशा प्रार्थनेला काय वजन होते हे वेगळे सांगायला नको. चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयासारख्या, 1942 पासून आदिवासी भागात उभ्या असलेल्या दवाखान्यांत काम करणाऱ्यांना रविवार असा मिळतच नाही. त्यांचा आगमनकाळ कोणत्या वेळी पाळायचा, हा प्रश्न आम्हाला साथीआधी पडलाही नव्हता.

दुरून आलेला शब्द माणसाला घडवतो, याची धुळ्याला वेगळी साक्ष देण्याची गरज नाही. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारच्या रविवारी गीतेवर प्रवचने दिली, ऐकणारे सारे कैदी, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. समोर बसलेल्यांची संख्या थोडी होती. ‘गीता प्रवचने’ वाचून ज्यांचे आयुष्य बदलले त्यांनी तो तुरुंग पाहिलेलाही नव्हता. ख्रिस्ती मंडळीचा तर पायाच पत्रांवर आहे. पौलाने करिंथला, फिलिप्पैला लिहिलेली पत्रे, त्यांतली काही तर तुरुंगातून लिहिलेली, जमलेल्या मंडळीसमोर मोठ्याने वाचली जात. म्हणजे पाठवणारा एका जागी आणि ऐकणारे दुसऱ्या जागी, हे आपल्याला नवे नाही. पण एक बारकावा लक्षात घ्यावा. पत्र दुरून येई, भाकर मात्र तिथेच मोडली जाई. शब्द प्रवास करतो, पान एकाच जागी वाढले जाते. माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार हाच आहे. आगमनकाळ हा शब्दाचा आणि वाट पाहण्याचा काळ, सुगी हा हाताचा आणि पानाचा सण. याच कारणाने प्रभुभोजनही पडद्यासमोर घेऊ नये असे मला वाटते. जगभर त्यावर मोठा वाद झाला, पण आपापल्या घरी आपापला पेला उचलणे हे एका पंगतीत जेवणे होत नाही.

आगमनकाळ फोनवर पाळण्याचे खरे कारण मात्र साथ नव्हे. खरे कारण ऊसतोड आहे. दिवाळी झाली की साक्री, नवापूर, नंदुरबारच्या पट्ट्यातली माणसे पोराबाळांसह बाहेर पडतात. कोणी बारडोली-सुरतेच्या बाजूला जातो, कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे. उसाचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे चर्चमध्ये जेव्हा पहिली मेणबत्ती लागते तेव्हा मंडळीतली सर्वांत गरीब माणसे फडाच्या कडेला पाचटाच्या खोपीत असतात. काही नाताळला दोन दिवस येऊन जातात, ज्यांनी उचल जास्त घेतली आहे त्यांना मुकादम सोडत नाही. या माणसांविना आपण वर्षानुवर्षे आगमनकाळ पाळत आलो आणि ती नाहीत हे आपल्याला जाणवलेही नाही. मेंढरे राखणाऱ्यांना रात्री रानात सुवार्ता कळली, हे आपण नाताळला नाटक करून दाखवतो. आपल्या मंडळीतले जे रात्री रानात आहेत त्यांच्यापर्यंत पोचण्याचे साधन आता दर माणसाच्या खिशात आहे. ते चर्चच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण घरबसल्या पाहण्यापुरते वापरायचे, की यांच्यासाठी वापरायचे?

यावर आक्षेप येतील आणि ते ऐकले पाहिजेत. लिंक असली की रविवारी कोण उठून येणार, हा वडीलधाऱ्यांचा आक्षेप खरा आहे, मी तो डोळ्यांनी पाहिला आहे. धडधाकट माणसे अंघोळ न करता अंथरुणात बसून उपासना ‘पाहू’ लागली. म्हणून रविवार सकाळची लिंक मुळात नसावीच. आगमनकाळाची प्रार्थना आठवड्यातल्या रात्रीची असावी, म्हणजे ती चर्चला पर्याय होत नाही. चर्चला येऊ न शकणाऱ्या आजाऱ्यांसाठी आणि वृद्धांसाठी रविवारचे प्रवचन ध्वनिमुद्रित करून संध्याकाळी पाठवता येते. तेवढे पुरे आहे, आणि त्याहून मोलाचे आहे ते मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याने त्यांच्या घरी जाणे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. फोन सगळ्यांकडे नाही. 2016 मध्ये जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला, पण घरात स्मार्टफोन एकच आणि तो बहुधा थोरल्या मुलाच्या हातात. म्हातारीला चष्म्याविना पडदा दिसत नाही. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या कित्येक पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. फडावर दिवसभर कोयता चालवलेला माणूस रात्री आठला जागा असेल असे धरूनही चालता येत नाही. त्यामुळे शहरी मंडळीच्या सोयीने वेळ ठरवून त्यात ‘सगळ्यांना’ बोलावणे म्हणजे पुन्हा त्याच माणसांना वगळणे आहे. यावर उपाय यंत्रात नाही, आपल्याच जुन्या घरप्रार्थनेच्या रीतीत आहे. तीन घरांत एक फोन, तिघे त्या घरी जमलेले. फडावर दहा खोपींत एक फोन. चित्र दिसले नाही तरी चालेल, साधा कॉन्फरन्स कॉल सर्वांत कमी रेंजवर चालतो. वेळ त्यांनी सांगावी, पहाटेची सांगितली तर पहाटेची. दोघे-तिघे जिथे जमतात तिथे आपण असतो असे ज्याने सांगितले त्याने संख्येची अट घातली नव्हती.

आणखी एक सावधगिरी. साथीच्या काळात घाईघाईने यूट्यूब आणि फेसबुकवर सगळे खुले प्रसारण झाले. त्यात आजाऱ्यांची नावे, कोणाच्या मुलीचे लग्न मोडले, कोणाचा मुलगा दारू प्यायला लागला, अशा प्रार्थनाविनंत्याही जगाला ऐकू गेल्या, आणि त्यांतल्या काही अजून तिथे पडून आहेत. प्रार्थनेत सांगितलेले दुःख चव्हाट्यावर जाऊ नये, एवढा विश्वास मंडळीने राखलाच पाहिजे. अशी ध्वनिचित्रे शोधून काढून टाकायला हवीत. साक्षीची बैठक बंद दाराआडच असावी, मग ते दार फोनमधले का असेना.

याच साथीत शेजारच्या वारकऱ्यांनी काय केले तेही आठवावे. 2020 च्या आषाढीला मुक्ताईनगरहून निघणारी मुक्ताईची पालखी, एरवी महिनाभर पायी चालणारी, मोजक्या माणसांसह एसटीने पंढरपूरला गेली. घरी राहिलेल्यांनी घरीच हरिपाठ म्हटला. पण पुढे वाट मोकळी झाली तेव्हा वारकऱ्यांनी बसची वारी चालू ठेवली नाही. ते पुन्हा चालू लागले, कारण चालणे हीच वारी होती. घरचा हरिपाठ मात्र घरी चालूच आहे, तो आधीही होता. कोणती गोष्ट तात्पुरती होती आणि कोणती मुळातली, हे त्यांना कोणी प्रवचन देऊन सांगावे लागले नाही. आपल्यालाही ते कळायला हवे.

डिसेंबर 2020 च्या 22 तारखेपासून महापालिका क्षेत्रांत रात्री अकरानंतर संचारबंदी लागली. जळगाव आणि धुळे दोन्ही महापालिका, त्यामुळे 24 तारखेच्या मध्यरात्रीची घंटा त्या वर्षी जमावाविना गेली. चर्चमध्ये पन्नासच माणसांना मुभा होती. कोणाला बोलवायचे आणि कोणाला नाही, हे ठरवण्याची वेळ त्या वर्षी प्रत्येक कमिटीवर आली. आता ती सक्ती नाही. पण वगळण्याचा निर्णय आपण अजूनही घेत असतोच, फक्त तो कागदावर येत नाही.

म्हणून जळगाव-धुळ्यातल्या प्रत्येक मंडळीच्या कमिटीला माझी विनंती आहे. यंदा सुगीच्या रविवारी लिंक ठेवू नका. त्याऐवजी ज्या म्हाताऱ्यांना चालवत नाही त्यांना आणायला रिक्षा ठरवा, पैसे मंडळीने द्यावेत. ज्यांना तरीही येता येणार नाही त्यांच्या घरी त्याच दुपारी राशीतला वाटा पोचवा. पैशाच्या रकमांची यादी ग्रुपवर टाकू नका. हिशोब वहीत ठेवा, ज्याला पाहायचा तो पाहील. आगमनकाळाची रात्रीची प्रार्थना फोनवर चालू करा आणि ती चालवायला एखाद्या तरुण मुलीला सांगा, पाळकसाहेबांवरच सगळा भार टाकू नका. आणि हे सगळे ठरवण्याआधी, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गाडी गावातून निघण्याआधी, त्यांच्या घरी जाऊन त्यांचे फोन नंबर आणि त्यांना सोयीची वेळ लिहून घ्या.